वशिल्याचे गणित

वशिला ही संस्था केवळ आपल्याच देशात, तीही कचेऱ्यांच्या जिन्यांवर आणि पुढाऱ्यांच्या ओसऱ्यांवर वाढीस लागली, आणि गुणांची कदर करणाऱ्या पाश्चात्त्य जगास तिचा गंधही नाही, असा एक समज आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. आणि नोकरी न मिळालेला पदवीधर, बदली न झालेला शिक्षक व पुरस्कार हुकलेला कवी हे तिघेही आपापल्या दुःखाचे खापर या एकाच संस्थेच्या माथी फोडून पुन्हा नव्या वशिल्याच्या शोधास लागत असतात. या समजास १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून जो तडा गेला, त्याची आपल्याकडे व्हावी तशी दखल घेतली गेली नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी जगातील यच्चयावत संकेतस्थळांची प्रतवारी लावण्याची एक रीत त्या साली शोधनिबंधाच्या रूपाने विद्वानांपुढे रुजू केली. आणि सर्व चिन्हे व समीकरणे बाजूस सारून पाहिली असता ती रीत, कोणत्याही जिल्हा कचेरीतील शिरस्तेदारास तोंडपाठ असलेल्या वशिल्याच्या शास्त्राहून तसूभरही निराळी नव्हती.

त्या शास्त्राचे सार असे. एखादे पान चांगले की वाईट हे त्या पानात काय लिहिले आहे एवढ्यावरून ठरवू नये. त्या पानाकडे बोट दाखविणारी इतर पाने किती आहेत ते मोजावे. परंतु नुसती बोटे मोजणे हा झाला भोळसटपणा; म्हणून प्रत्येक बोटाची किंमत, ते ज्याच्या हाताचे आहे त्याच्या योग्यतेवरून करावी, कारण कलेक्टरसाहेबांची एक चिठ्ठी आणि पारावरच्या चाळीस रिकामटेकड्यांच्या सह्यांचा अर्ज यांतील तारतम्य ज्यास कळत नाही त्याने टेबलामागे बसू नये. शिवाय शिफारस करणारा जर शंभर जणांची शिफारस करीत असेल, तर त्याच्या वजनाचे शंभर वाटे करून एकेकाच्या पदरात एकेकच वाटा टाकावा. येईल त्यास चिठ्ठी लिहून देणाऱ्या आमदाराच्या चिठ्ठीचे पुढे काय होते, हे कचेरी पाहिलेल्या माणसास सांगावयास नको. आता शिफारस करणाऱ्याची स्वतःची योग्यता कशी ठरवावयाची? तर त्याची शिफारस करणाऱ्यांवरून. आणि त्यांची? त्यांच्या शिफारसदारांवरून. या ठिकाणी शिरस्तेदार अनुभवावर विसंबून डोळे मिटून घेत असे. त्या दोघांनी मात्र आरंभी सर्वांस सारखेच वजन देऊन, आकडे स्थिर होईपर्यंत हिशेबाची आवर्तने करीत राहण्याची तोड काढली. या हिशेबासाठी त्यांनी एक कल्पित वाचकही गृहीत धरला होता, जो दुव्यादुव्याने या पानावरून त्या पानावर भटकत असतो आणि शंभरांत सुमारे पंधरा वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो. सबंध व्यवहारात वाचकाचा उल्लेख काय तो एवढाच, आणि तोही कंटाळलेला. ही दूरदृष्टी मला त्या निबंधातील सर्वांत थोर गोष्ट वाटते.

या रीतीचे एकस्व विद्यापीठाच्या नावे नोंदले गेले, आणि तिच्या वापराच्या मोबदल्यात त्या दोघांच्या गूगल या नव्या कंपनीचे जे १८ लाख भाग विद्यापीठास मिळाले ते पुढे विकून त्याने ३३ कोटी ६० लाख डॉलर पदरात पाडून घेतले. आमच्या मुलखात हेच शास्त्र कित्येक शतके नांदत असता एकाही दप्तरदाराच्या मनात त्याचे एकस्व घेण्याचे आले नाही, यावरून आपण भारतीय लोक ऐहिक लाभाविषयी किती उदासीन आहोत हे सिद्ध होते, निदान ते तसे सिद्ध करण्याची संधी आपण दवडू नये.

या दोघांच्या आधीची बहुतेक शोधयंत्रे फार भाबडी होती. अर्जदार आपल्या अर्जात स्वतःविषयी जे लिहील त्यावर ती विश्वास ठेवीत. ‘विमा’ हा शब्द ज्या पानावर अधिक वेळा येई ते पान विम्यासंबंधी अधिक प्रमाणभूत, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे विमा विकणाऱ्या चतुर लोकांनी पानाच्या तळाशी ‘विमा, विमा, विमा’ असा अखंड नामजप आरंभिला, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांस खुपू नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत उमटविला. वाचकास मुळीच न कळणारे वाङ्मय आपल्याकडेही विपुल आहे. परंतु वाचकास मुळीच न दिसणारे वाङ्मय निर्माण करण्याचा मान या मंडळींकडेच जातो. याखेरीज प्रत्येक पानाच्या अदृश्य शिरोभागी, आपला मजकूर कोणत्या शब्दांसाठी ओळखला जावा हे लेखकाने स्वतःच लिहून ठेवण्याची एक जागा असे. ‘क्रम लावताना आम्ही ती जागा विचारात घेत नाही’ असे गूगलने २००९ साली जाहीरपणे सांगून टाकले. तथापि ती जागा कित्येक संकेतस्थळांवर अद्यापि भक्तिभावाने भरली जाते. अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहिणाऱ्यांनी तिला हसू नये.

वशिल्याचे गणित निर्दोष होते, परंतु ते कोणास ठाऊक नव्हते तोवरच. येथे गुण नव्हे तर शिफारसी मोजल्या जातात हे ज्या दिवशी अर्जदारांस कळले, त्या दिवशी शिफारसींचा बाजार भरला. तू माझ्याकडे बोट दाखव, मी तुझ्याकडे दाखवितो, या ज्या तत्त्वावर आपल्याकडील कित्येक गौरवग्रंथ उभे आहेत, त्याच तत्त्वावर परस्परांची स्तुती करणाऱ्या हजारो पानांच्या ओसाड वसाहती रातोरात वसल्या, ज्यांत मनुष्यवस्ती कधीच नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. वजनदार संकेतस्थळांचे मालक दुवे विकू लागले; घेणारे घेऊ लागले; दलालांनी दरपत्रके छापली. २००३ साली काही खट्याळ लोकांनी ‘घोर अपयश’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत चरित्राकडे इतके दुवे नेले की ते शब्द शोधणाऱ्यास पहिल्या क्रमांकावर जॉर्ज बुश यांचे चरित्र दिसू लागले, आणि गंमत ही की त्या चरित्रात तेव्हा ते शब्द कोठेही नव्हते. यंत्राने आपल्या परीने प्रामाणिकपणे लोकमत नोंदविले होते. ते दुरुस्त करावयास २००७ साल उजाडले.

शिफारसींचा हा पूर आवरण्यासाठी २००५ साली जो बांध घातला गेला तो मला विशेष प्रिय आहे. दुव्यास एक अदृश्य शेरा जोडण्याची सोय करण्यात आली, ज्याचा भावार्थ असा की, सदरहू दुवा दिला असला तरी ही आमची शिफारस आहे असे समजण्यात येऊ नये. प्रशासनाचा गाढा अनुभव असल्याखेरीज असले वाक्य सुचत नाही. ‘केवळ माहितीस्तव सादर’ या शेऱ्याने आपल्याकडील साहेबलोकांनी जी निर्भयता मिळविली होती, ती आता जगातील प्रत्येक संकेतस्थळाच्या चालकास प्राप्त झाली.

शिक्षाही झाल्या, आणि त्या बड्या लोकांस झाल्या हे नमूद केले पाहिजे. बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीच्या जर्मन संकेतस्थळाने यंत्र आले की एक पान पुढे करावे आणि मनुष्य आला की दुसरे, असा दुहेरी कारभार आरंभिला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने त्यास आपल्या दप्तरातून काढून टाकले. परंतु न्यायनिष्ठुरतेची कमाल झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. गूगलच्याच क्रोम या उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी कोणा कंत्राटदाराने पैसे देऊन लेख लिहवून घेतले, त्यांतील एकात नियमबाह्य दुवा निघाला, आणि गूगलने आपल्याच क्रोमच्या पानास निदान ६० दिवसांपुरते खालच्या पायरीवर बसविले. फिर्यादी, आरोपी, न्यायाधीश आणि बेलिफ एकाच छपराखाली असताना दिला गेलेला हा निकाल वाचून रामशास्त्र्यांची आठवण व्हावी. मात्र त्या मुदतीत क्रोम वापरणारांची संख्या घटली असे काही ऐकिवात नाही.

याउपर दरबाराने वेळोवेळी जी फर्माने काढली त्यांची नावे कोणास प्राणिसंग्रहालयाची यादी वाटेल. नोव्हेंबर २००३ मध्ये, म्हणजे नाताळच्या खरेदीच्या अगदी तोंडावर, जे पहिले मोठे फर्मान सुटले त्यास फ्लोरिडा म्हणतात. त्यापुढे पांडा, पेंग्विन, हमिंगबर्ड, पिजन. फेब्रुवारी २०११ मधील पांडाने अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांच्या उत्तरांत उलथापालथ केली. हा पांडा बांबू खाणारा नसून नवनीत पांडा नावाचे अभियंते आहेत, हे ज्यांची संकेतस्थळे बुडाली त्यांस कळले तेव्हा त्यांचे कितपत सांत्वन झाले असेल कोण जाणे. पूर्वीच्या काळी मुलूखगिरीची फौज कोणत्या खिंडीतून उतरणार याचा रयतेस काहीतरी सुगावा लागत असे. येथे सकाळी उठून पाहावे तो कालपर्यंत पहिल्या पानावर नांदणारा कुलवंत गृहस्थ सातव्या पानावर जाऊन पडलेला असतो, आणि कोणत्या कलमान्वये, हे त्यास कोणी सांगत नाही.

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर द्रव्यासाठी. महाजालावर पहिली गाजलेली जाहिरातपट्टी २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड नावाच्या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने लावली, आणि ती पाहणारांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर टिचकी मारली असे सांगतात. मनुष्यजातीच्या निरागसतेचा तो परमोच्च बिंदू होय. आज शंभरांत एकाने टिचकी मारली तरी मालक पेढे वाटतो, आणि ती टिचकीही बहुधा जाहिरात बंद करण्याची फुली शोधताना बोट घसरल्यामुळे पडलेली असते. १९९८ च्या त्या शोधनिबंधाच्या परिशिष्टात पेज-ब्रिन यांनी, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकणार आणि ग्राहकांच्या गरजांपासून दुरावणार, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. आणि ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने शोधाच्या उत्तरांशेजारी जाहिराती विकण्याचे खाते उघडले. यात विसंगती शोधण्याचा क्षुद्रपणा मी करणार नाही. ब्रह्मचर्याश्रमात मांडलेली मते गृहस्थाश्रमात तशीच राहावीत असा आग्रह आपल्या धर्मशास्त्रानेही धरलेला नाही. २००३ साली त्यांनी इतरांच्या भिंतीही जाहिरातींसाठी घेण्यास आरंभ केला: जागा तुमची, जाहिरात आमची, उत्पन्नाची वाटणी ठरावानुसार. मजकुराशेजारच्या जाहिरातीच्या उत्पन्नापैकी ६८ टक्के जागेच्या मालकास देतो, हे कंपनीने २०१० साली जाहीर केले तेव्हा कित्येकांस सुखद धक्का बसला, कारण इतके दिवस मिळणारी रक्कम पाहून त्यांनी आपला वाटा याहून पुष्कळ कमी असावा असा कयास बांधला होता.

काही भाग्यवंतांस यातील काहीच करावे लागले नाही. २००५ साली इंग्लंडमधील ॲलेक्स ट्यू नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने, पुढील शिक्षणाच्या खर्चाची विवंचना पडली असता, एक कोरे पान घेतले, त्याचे हजार गुणिले हजार असे दहा लाख ठिपके पाडले, आणि दर ठिपका एक डॉलर या भावाने तो ते विकू लागला. एक ठिपका डोळ्यांस दिसत नसल्यामुळे किमान शंभर ठिपक्यांचा चौकोन घ्यावा लागे. पानावर मजकूर नव्हता, ज्ञान नव्हते, मनोरंजन नव्हते. होत्या त्या केवळ नखाएवढ्या जाहिराती, आणि त्या पाहावयास लोक येत ते या मुलाने पैसे कसे मिळविले ते पाहण्यासाठी. काही महिन्यांत सर्व ठिपके खपले, शेवटचे हजार ठिपके लिलावात ३८,१०० डॉलरांस गेले, आणि एकूण जमा १०,३७,१०० डॉलर झाली. देवळाच्या जीर्णोद्धारात फरशीफरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, परंतु तेथे मध्यभागी निदान देव तरी असतो. ते पान आजही जागच्या जागी आहे, आणि त्यावरील कित्येक चौकोनांवर टिचकी मारली असता आता काहीच उघडत नाही. या यशानंतर त्याच कल्पनेवर कितीतरी लोकांनी ठिपके पाडले. ते ठिपके त्यांच्यापाशीच राहिले.

सर्व शब्दांस सारखा भाव नसतो, हे या धंद्यातील दुसरे रहस्य. प्रत्येक शब्दावर जाहिरातदारांची बोली चालते, आणि ज्या शब्दामागे वकील, विमा अथवा कर्ज उभे असते त्याचा दर चढतो. ॲस्बेस्टॉसच्या संपर्काने होणाऱ्या मेसोथेलिओमा नावाच्या दुर्धर रोगावर अमेरिकेत नुकसानभरपाईचे मोठमोठे दावे चालतात, आणि त्या रुग्णांस अशिले करून घेण्यासाठी वकील एकेका टिचकीस घसघशीत रक्कम मोजावयास सिद्ध असतात. या एका कारणास्तव, ज्यांस त्या रोगाचे नाव धड उच्चारता येत नाही असे जगभरचे तरुण त्यावर हिरिरीने लेख लिहीत आले. करुणा आणि अर्थशास्त्र यांचा असा संगम अन्यत्र दुर्मीळ. आपल्या मराठी शब्दांचा दर त्यामानाने फारच माफक आहे. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’, ‘माझी आई निबंध’, ‘मकर संक्रांत कधी आहे’ आणि ‘सातबारा उतारा’ हे शोधणारे लोक पुष्कळ असले, तरी त्यांना काही विकता येईल अशी आशा जाहिरातदारांस फारशी नसते.

सातबाऱ्याचा विषय निघाला म्हणून आमचे शेजारी, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, यांचे प्रकरण येथे दाखल करणे अवश्य आहे. निवृत्तीनंतर आपले महसुली ज्ञान रयतेच्या उपयोगी पडावे, आणि पडता पडता त्यातून चहापाण्याचा खर्च सुटावा, या दुहेरी हेतूने त्यांनी एक संकेतस्थळ काढले व त्यावर पहिला लेख सातबाऱ्यावर लिहिला. लेख चोख होता. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा, सातात भूधारक, क्षेत्र, आकार व इतर हक्क, बारात पिकांची नोंद, नुसता पाहावयाचा तर शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिसतो, डिजिटल स्वाक्षरीचा हवा तर १५ रुपये पडतात, इति. शोधयंत्राने तो लेख जेथे नेऊन ठेवला तेथवर कोणी शोधत जाईल अशी शक्यता नव्हती. पहिल्या क्रमांकावर जो लेख विराजमान होता, त्यातील शेताच्या चित्रात गव्हाच्या पलीकडे बर्फाच्छादित शिखरे दिसत होती.

त्यांचा भाचा पुण्यास याच व्यवसायात असल्यामुळे त्यास पाचारण करण्यात आले. त्याने लेख भराभर खालपर्यंत सरकवून पाहिला आणि तो म्हणाला, “मामा, माहिती तुम्ही पहिल्याच ओळीत देऊन टाकलीत. मग माणूस खाली कशाला येईल? आणि तो खाली आला नाही तर जाहिराती कोण बघणार?”

“अरे, पण त्याला माहितीच हवी होती ना?”

“त्याला हवी होती. पण लगेच द्यायची कशाला?”

हे तत्त्व मामांस नवे नव्हते. आयुष्यभर त्यांनी टेबलाच्या पलीकडील बाजूने तेच पाळले होते. परंतु लेखनातही ते चालते हे कळून त्यांची वाङ्मयाविषयीची भीड चेपली. मग भाच्याने शास्त्रोक्त लेखाची बांधणी समजावून सांगितली. आरंभी ‘नमस्कार मित्रांनो’ असे अभिवादन. नंतर, आजच्या या लेखामध्ये आपण सातबारा उताऱ्याविषयी संपूर्ण माहिती जाणून घेणार आहोत, अशी प्रतिज्ञा. नंतर सातबाऱ्याचे शेतकऱ्याच्या जीवनातील महत्त्व. मग ‘चला तर मग जाणून घेऊया’ असा दिलासा, आणि त्यानंतरही न जाणून घेता सातबारा म्हणजे काय, सातबारा ऑनलाइन कसा काढावा, सातबारा मोबाइलवर कसा पाहावा, सातबाऱ्याचे फायदे कोणते, अशी उपशीर्षके.

“फायदे?” मामा उसळून म्हणाले. “सातबारा म्हणजे काय च्यवनप्राश आहे?”

“लोक सर्च करतात मामा. आणि शीर्षकात चालू साल टाका. दर जानेवारीत बदलायचं.”

“जानेवारीत का म्हणून? महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं.”

या युक्तिवादास भाच्यापाशी उत्तर नव्हते; परंतु साल जानेवारीतच बदलले गेले. पुढे २०२२ च्या डिसेंबरात गूगलने लेखाची पारख करणाऱ्या आपल्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत, तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता यांच्या जोडीस ‘अनुभव’ हाही गुण दाखल केला, तेव्हा आता आपले दिवस आले असे मामांस वाटले, कारण अनुभव म्हटला तर तो त्यांच्यापाशी पोत्याने होता. त्यांनी लेखाखाली आपले छायाचित्र, पद व सेवेचा तपशील दिला. हिमशिखरांच्या पायथ्याशी गहू पिकविणाऱ्या प्रतिस्पर्ध्यानेही त्याच आठवड्यात लेखाखाली, प्रस्तुत लेखकास महसूल क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव आहे, अशी ओळ घातली. आता दोघेही अनुभवी झाले.

“नुसत्या लेखावर रँक होणार नाही मामा. बॅकलिंक्स लागतील. मोठ्या साइटवरून कोणीतरी तुमच्याकडे लिंक द्यायला हवी.”

मामांचा चेहरा उजळला. एवढ्या वेळात त्यांस समजलेला हा पहिलाच शब्दप्रयोग होता. “म्हणजे वशिला,” ते म्हणाले, आणि आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांची यादी करावयास बसले. दुर्दैवाने त्यांच्या परिचयात संकेतस्थळ बाळगून असलेले जे सन्माननीय लोक निघाले, ते म्हणजे तालुक्याच्या गावचे एक मंगल कार्यालय, एक वधू-वर सूचक मंडळ आणि मुंजीचे साहित्य पुरविणारे एक दुकान. तिघांनीही मामांच्या शब्दास मान देऊन दुवे दिले. परिणाम असा झाला की, शोधयंत्राने या शिफारसींचा आपल्या परीने अर्थ लावला, आणि इतर हक्कांच्या रकान्यातील बोजा कसा वाचावा हे सांगणाऱ्या परिच्छेदाच्या दोन्ही अंगांस शालू व पैठण्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. स्थळ पाहण्यापूर्वी सातबारा पाहणारे वधूपिते आपल्याकडे असल्यामुळे, यंत्राचा हा तर्क अगदीच अवाजवी म्हणता यावयाचा नाही. आणि टिचक्यांचे प्रमाणही अकल्पित वाढले. मामांच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांचा हेतू मुळापासूनच जमिनीचा नसावा.

जाहिरातींच्या या खात्याचा एक नियम असा की, शिल्लक १० डॉलर झाली म्हणजे कंपनीकडून खातेदाराच्या पत्त्यावर एक सांकेतिक क्रमांक टपालाने येतो, आणि तो भरल्याखेरीज पुढे पैसे निघत नाहीत. प्रत्यक्ष रक्कम तर १०० डॉलर साठल्यावर मिळावयाची. साऱ्या जगाचे ज्ञान निमिषार्धात हुडकणारे हे अतिमानुषी सामर्थ्य, मनुष्य सांगितल्या पत्त्यावर खरोखर राहतो की नाही हे ठरविण्यासाठी अखेर पोस्टमनवर विसंबून राहते, हे पाहून ज्या खात्यांस आपण जुनाट म्हणून हसतो त्यांविषयी मनात आदर दाटून येतो. मामांकडे ते पत्र आले तेव्हा त्यांनी घरातील सर्वांस बाहेर बोलाविले. या सबंध व्यवहारातील हातात धरता येण्याजोगा तो पहिलाच कागद. त्यांनी त्यावर आवक क्रमांक घातला, तारीख टाकली, आणि मगच लिफाफा फोडला.

त्यानंतर लेख हळूहळू पहिल्या पानावर चढला, आणि वर्षभर बरे गेले. मग एका सकाळी कोणते तरी फर्मान निघाले आणि मामांचा लेख पहिल्या पानावरून अंतर्धान पावला. हिमशिखरेही त्याच दिवशी कोसळली. दोघांच्या जागी आता शोधयंत्र स्वतःच वर एक परिच्छेद लिहून उत्तर देऊ लागले आहे. ते उत्तर कोणाकोणाचे लेख वाचून तयार झाले हे ओळखणे मामांस कठीण गेले नाही, कारण त्यात सातबाऱ्याच्या फायद्यांची यादी होती. लेख यंत्रासाठी लिहिला, यंत्राने वाचला, यंत्रानेच त्याचा गोषवारा काढला; वाचक बाहेरच्या बाहेर परत गेला.

मामा मात्र खचले नाहीत. अन्याय झाला म्हणजे अर्ज करावा, ही त्यांची रीत. त्यांनी ‘विषय: सातबारा लेखाच्या क्रमाची फेरतपासणी होऊन मिळणेबाबत’ असा अर्ज तयार केला, सोबतच्या कागदांची यादी जोडली, आणि तो कोणत्या टेबलाकडे पाठवावा हे विचारण्यासाठी भाच्यास दूरध्वनी केला. पुनर्विचारासाठी अर्ज करण्याची सोय आहे हे भाच्याने मान्य केले. परंतु ती सोय केवळ त्यांच्याचसाठी, ज्यांच्या संकेतस्थळावर तेथील माणसांनी नियमभंगाबद्दल प्रत्यक्ष कारवाई केली आहे. गणिताच्या ओघात जे आपोआप खाली गेले, त्यांच्यासाठी अर्जाचा नमुनाच नाही.

“म्हणजे ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याला अपील,” मामा सावकाश म्हणाले, “आणि ज्याने काहीच केलेलं नाही त्याला दाद मागायला जागाच नाही?”

“तसंच आहे मामा.”

ज्यांच्या सेवापुस्तिकेत उभ्या हयातीत एकही प्रतिकूल शेरा पडला नव्हता असे ते अव्वल कारकून बराच वेळ स्तब्ध राहिले, आणि मग आत मामी ऐकत नाहीत ना याची खात्री करून घेऊन, आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “मग पांढऱ्यावर पांढरी अक्षरं आणि विकतच्या लिंका, या दोहोंत सौम्य कलम कोणतं रे?”